तू सांग, मी लिहितो

श्रीनू,

काल दुपारी तुझ्याच घरात, तुझ्याच खाटेवर माझा डोळा लागला आणि तुझा आवाज ऐकू आला. तू अक्षरं सांगत होतास. ए. सी. सी. जी. टी. ए. तीच तुझी संथ लय. गल्लीत कुणाचा तरी यंत्रमाग चालू होता आणि त्या खडखडाटातून तू एकेक अक्षर वेचून माझ्याकडे देत होतास. मी लिहीत होतो. खाली मान घालून, भराभर. झोपेतही मला एवढं भान होतं की वर बघायचं नाही. सांगणाऱ्यानं वहीत बघायचं नाही, लिहिणाऱ्यानं फिल्मकडे बघायचं नाही, हा आपला नियम. वर बघितलं असतं तर कदाचित तू दिसला असतास. नाही बघितलं.

जाग आली तेव्हा पद्मावहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, चहा टाकू का? उमा येईलच आता."

उमानं बोलावलं होतं म्हणूनच मी हैदराबादहून आलो होतो. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. तुझा चष्मा खिडकीत तसाच आहे. आणि मी माझ्या पिशवीत तुला घेऊन आलो होतो. अख्खा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

ते कसं, हे तुला माहीत आहे. पण मला ते पहिल्यापासून सांगू दे, कारण या सांगण्यात एक गोष्ट अशी आहे जी तुला माहीत नव्हती, आणि ती माझ्यामुळे माहीत नव्हती.

पुण्याच्या प्रयोगशाळेत आपण दोघं सोलापूरचे म्हणून एका टेबलाला जुंपले गेलो. मी होटगीचा, रेल्वेतल्या गँगमनचा मुलगा. तू शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, चादरीच्या कारखान्यात माग चालवणाऱ्याचा. डीएनए वाचणं म्हणजे तेव्हा हातकाम होतं. दोन काचांमध्ये जेल, म्हणजे थिजणारी पारदर्शक खळ, ओतायची, तिच्यात एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, रात्रभर वीज लावायची, मग एक्स-रेची फिल्म लावून थांबायचं. फिल्म धुऊन आली की तिच्यावर चार रांगांत काळ्या पट्ट्या असायच्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. दिव्याच्या पेटीवर ती ठेवायची आणि खालून वर वाचत जायचं. पट्टी ज्या रांगेत, ते अक्षर. तू सांगायचास, मी लिहायचो.

"बे दत्त्या, तुझा जी आन सहा सारखाच दिसतो की."

"तू फिल्मकडं बघ. वहीत कशाला बघतोस?"

"बघितलं न्हाय. मला इथनंच कळतं तू काय लिवतोस ते."

एकच शब्द परत परत आला की पट्ट्या एकमेकींना चिकटायच्या. तिथे सगळे अंदाज ठोकून पुढे जायचे. तू जायचा नाहीस. "परत," म्हणायचास आणि खालच्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचास. मला चीड यायची. जेवणाची वेळ टळून जायची. तू म्हणायचास, "आपण चुकीचं लिवलं तर जगात दुसरं कोण वाचणार हाय हे? आपलंच खरं धरणार की लोक."

त्याच वर्षांत तुझे वडील चालताना लटपटू लागले. तुम्ही घरात तेलुगू बोलायचात आणि वडिलांना नान्ना म्हणायचात. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीला हात लावत लावत मोरीकडे चालले होते, जणू घर हलत होतं आणि ते त्याला धरून होते. मग जीभ जड झाली. कारखान्यात लोक म्हणाले, पिऊन येतो. ज्या माणसानं आयुष्यात दारूला हात लावला नाही त्याला दारुड्या म्हणून मागावरून उठवलं. तुझे आजोबाही असेच गेले होते, आणि एक काकाही. तू पुणं सोडून परत आलास, कॉलेजात शिकवायला लागलास, नान्नांना शेवटपर्यंत स्वतः आंघोळ घातलीस. ते गेल्यावर एकदा स्टेशनवर मला सोडायला आला होतास तेव्हा म्हणालास, "नान्नानं मला घर दिलं न्हाय, माग दिला न्हाय. दिलं असंल तर हेच."

मी पिशवी उचलली. गाडी आली.

उमा झाल्यावर तुम्ही दुसरं मूल होऊ दिलं नाही. वहिनींना मुलगा हवा होता की मुलगी, हे मी कधी विचारलं नाही. त्यांना दुसरं हवं होतं, एवढं मला दिसायचं.

मी मात्र यंत्रांबरोबर पुढे गेलो. काळ्या पट्ट्यांच्या जागी रंगीत उजेड आला. केसाएवढ्या नळीतून डीएनए पळायचा आणि लेसर त्याचा रंग ओळखायचा. अक्षरं सांगायला माणूस लागेनासा झाला. जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून कित्येक वर्षं खपून एका माणसाच्या डीएनएचं अख्खं पुस्तक वाचलं तेव्हा आपण फोनवर केवढे बोललो होतो, आठवतं? त्यानंतर जी यंत्रं आली त्यांनी पुस्तकाच्या चिंध्या करून त्या सगळ्या एकदम वाचायला सुरुवात केली. ज्याला कित्येक वर्षं लागली ते काही दिवसांवर आलं. हैदराबादेत आम्ही चौघांनी छोटी कंपनी काढली. दवाखाने, विद्यापीठं, बियाण्यांवाले नमुने पाठवायचे, आम्ही वाचून द्यायचो. मशीन घ्यावं आणि ते जुनं झाल्याची बातमी त्याच्या खोक्याबरोबरच यावी, असा तो धंदा.

नवं मशीन आलं की ते थेट गिऱ्हाइकाच्या नमुन्यावर चालवत नाहीत. आधी कुणीतरी घरचंच रक्त देतं. या धंद्यातली ही जुनी खोड आहे. बाकीच्या तिघांनी आपापलं दिलं. मला सुईची भीती, म्हणून मी तुझं मागितलं. तू नात्यातल्या लग्नाला हैदराबादला आला होतास. रेशमी सदऱ्याची बाही वर सारून बसलास आणि म्हणालास, "घे. कारखान्याला नान्नानं दिलं, कंपनीला मी देतो."

त्या नळीवर नाव लिहायचं नसतं. मी "सोलापूर" लिहिलं. त्यानंतर जे जे मशीन आलं त्यानं आधी सोलापूर वाचलं. आमच्या माहितीपत्रकावर मागे जी अक्षरांची फिकट निळी नक्षी आहे ती तूच आहेस. तू ते पत्रक वर्गात घेऊन जायचास. "हा बघा मी. बिनचष्म्याचा." पोरं हसायची.

चिंध्या वाचणाऱ्या यंत्रांना एक गोष्ट जमत नव्हती. एकच शब्द खूप वेळा लागोपाठ आला की सगळ्या चिंध्या सारख्याच दिसायच्या आणि मोजणी हरवायची. आपल्या फिल्मवर जिथे पट्ट्या चिकटायच्या, तिथेच. मग लांबच्या लांब धागा न तोडता वाचणारी यंत्रं आली. त्यातलं एक तर खिशात मावायचं. ते मी तुला दाखवायला सोलापूरला आणलं होतं. तू तळहातावर घेऊन म्हणालास, "एवढंसं? आन आपण काचा धूत बसलो."

त्याच सुमारास तुझा चुलतभाऊ लटपटायला लागला. हैदराबादच्या डॉक्टरांनी त्याची तपासणी केली आणि तुमच्या घराण्याच्या दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळालं. एका ठिकाणी सी-ए-जी हा शब्द लागोपाठ येतो. निरोगी माणसात तो थोड्या वेळा येतो आणि मध्ये एखादं अक्षर बदलतं. जीच्या जागी ए. जणू वाचणाऱ्यानं श्वास घेतला. मग पुन्हा तेच, आणि पुढे वाक्य सरळ होतं. तुझ्या भावात ते बदललेलं अक्षर नव्हतं. शब्द श्वास न घेता लांबत गेला होता. बापाकडून मुलाकडे ते जायची शक्यता निम्मी.

नवं मोठं मशीन तेव्हाच आमच्याकडे बसलं होतं आणि त्यानं सोलापूर वाचून ठेवलं होतं. ते मी तुला सांगितलं. तू गच्चीवर शेंगा फोडत बसला होतास.

"म्हंजे ते आता तुज्याकडं हाय."

"आहे. उघडलं की कळेल."

"औषध हाय का?"

"अजून नाही."

"मग कळून काय करू? रोज पाय मोजत बसू?"

मी तुला बरंच समजावलं. माहिती असलेली बरी, नियोजन करता येतं, उद्या औषध निघेल तेव्हा आपण तयार असू. गिऱ्हाइकांना सांगतो तेच सगळं. तू शेंगा फोडत राहिलास. शेवटी म्हणालास, "दत्त्या, मी हाय तवर बघायचं न्हाय. लिवणाऱ्यानं फिल्मकडं बघायचं न्हाय. शपथ घे माजी."

मी शपथ घेतली. आणि पाळली.

लोकांना सांगताना हे फार चांगलं वाटतं. मित्राचा शब्द पाळला. पण श्रीनू, त्या दिवशी इतकं बोललो त्यात एक वाक्य मी बोललो नाही. "नसेल तर?" एवढंच. निम्मी शक्यता म्हणजे दुसरी निम्मीही असते, हे मी शाळेतल्या मुलाला समजावून सांगतो. तुझ्यापुढे ते माझ्या तोंडून आलं नाही, कारण ते माझ्या मनातच नव्हतं. मी तुला आजारी धरून चाललो होतो. नान्नांना भिंत धरताना पाहिलं होतं, आणि तू दिसायला हुबेहूब त्यांच्यासारखा. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं, आणि अंदाज ठोकून पुढे गेलो.

मग तुझं बारीकसारीक मला दिसू लागलं. दिवाळीत तुझ्या हातून बशीत चहा सांडला आणि मी पटकन खिडकीबाहेर बघितलं. जिना उतरताना मी तुझा दंड धरू लागलो. फोनवर तुझा एखादा शब्द पुसट आला की मी पुन्हा विचारायचा नाही. आपण आयुष्यभर भांडलो, पण शेवटच्या वर्षांत मी तुझ्याशी वाद घालणं सोडलं. तू काहीही म्हणालास तरी "बरोबर आहे" म्हणायचो. एकदा तू चिडलास. "तुला काय झालंय बे? भांड की."

मी हसलो फक्त.

तू मोटारसायकल विकलीस. खडूनं फळ्यावर लिहिणं सोडून बसून शिकवायला लागलास. कंबर तलावाला फेरी मारताना कठड्याच्या बाजूनं चालू लागलास. आणि उमाला किरणचं स्थळ आलं, म्हणजे तिनंच आणलं, तेव्हा त्याच्या वडिलांना समोर बसवून तू सांगितलंस, आमच्या घरात हे आहे, नंतर म्हणू नका सांगितलं नाही. ते भले लोक. पळून गेले नाहीत. म्हणाले, मुलीची तपासणी होऊ दे, मग ठरवू.

उमानं तपासणी केली नाही. तू तिच्यावर ओरडलास, हट्टी म्हणालास, दोन महिने अबोला धरलास. ती का करत नव्हती हे तुला कळलं नाही. मलाही तिनं परवाच फोनवर सांगितलं. "काका, माझ्यात निघालं असतं तर ते बाबांकडूनच आलेलं असणार होतं. बाबांना कळायला नको होतं ना. मग मी कशी करणार?"

तुझं न कळणं राखत ती पोरगी थांबून राहिली. किरणही थांबला.

तू गेलास ते मात्र हृदयानं. सकाळी तलावाला फेरी मारून आलास, पायरीवर बसलास, वहिनींना पाणी मागितलंस. त्या तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी पोहोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. वहिनींजवळ बसलो. म्हणालो, "वहिनी, निदान नान्नांसारखं अंथरुणाला खिळणं तरी वाट्याला आलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"ते म्हणायचे, दत्तानं बघितलंय. मला सांगत न्हाय, एवढंच."

"नाही हो वहिनी. मी नाही बघितलं."

"मी पण म्हणायची, भाऊजी शब्द मोडायचे न्हाईत. तर म्हणायचे, त्यानं माजा दंड धरला जिन्यात. आयुष्यात कधी धरला नव्हता. भांडत पण न्हाय आता. म्हंजे बघितलंय की."

श्रीनू, ते ऐकल्यापासून मी नीट झोपलेलो नाही, आणि झोपतो तेव्हा तू अक्षरं सांगत असतोस. मी फाईल उघडली नाही, पण निकाल मीच तुझ्या हातात दिला. माझ्या मऊपणानं दिला. मोटारसायकल तू माझ्या त्या दंड धरण्यावरून विकलीस. आणि तरीही तू मला विचारलं नाहीस. मी बघितलंय असं धरूनही दर वेळी स्टेशनवर सोडायला येत राहिलास, डब्यात शेंगाची चटणी देत राहिलास. शब्द मोडणाऱ्या मित्राला तू मनातल्या मनात माफ करून टाकलं होतंस. मी मोडलाच नव्हता, आणि ती माफी मला मिळून गेली. तिचं काय करू?

काल उमा कामावरून आली. हातपाय धुऊन माझ्यासमोर बसली. मी तिला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. तिची स्वतःची रीतसर तपासणी डॉक्टरच करतील, ती करावीच लागेल, आज हे उघडलंच पाहिजे असं नाही. ती म्हणाली, "माझं नंतर. आधी बाबांचं. ते असेपर्यंत बघायचं नाही म्हणाले होते ना? आता नाहीयेत ते." वहिनी भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "बघा भाऊजी. काय असंल ते असू दे."

मी संगणक उघडला. ती जागा शोधायला मला वेळ लागला नाही. इतकी वर्षं न बघता मला तिचा पत्ता पाठ होता. पण बोट थांबलं. उत्तर छापून देणारा प्रोग्राम होता, एक बटण दाबायचं होतं. ते मला दाबवेना. उमाला काय वाटलं कुणास ठाऊक. तिनं तुझ्या टेबलावरची वही घेतली, खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसली.

"तुम्ही सांगा. मी लिहिते. बाबा सांगायचे मला, तुम्ही दोघं कसं करायचात ते."

प्रत्येक माणसाजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. पहिली वाचली. लहान, श्वास घेतलेली, निर्मळ. ती आईची धरली तर सगळं दुसरीवर होतं. यंत्राला लेबलं कळत नाहीत, पण मला तेव्हा खात्री होती की दुसरी नान्नांची.

सी, ए, जी. सी, ए, जी. सी, ए, जी.

उमाच्या पेनाचा आवाज येत होता. गल्लीतला माग चालू होता. माझा आवाज तुझ्यासारखा होऊ लागला होता, संथ, एका पातळीवर. सी, ए, जी. सी, ए, जी. मी पुढचं बघत नव्हतो. तू बघायचा नाहीस तसं, एका पायरीवर एकच पाय. सी, ए, जी. वहिनींनी डोळे मिटले होते. सी. ए.

"ए," मी म्हणालो.

पेन थांबलं.

"ए? काका, परत."

अगदी तुझ्यासारखं म्हणाली ती. मी खालच्या पायरीपासून पुन्हा सुरू केलं. सगळं पहिल्यापासून. आणि त्याच जागी पुन्हा ए आला. मग थोडे सी-ए-जी, मग आणखी एक ए, आणखी थोडे, आणि वाक्य सरळ होऊन पुढे गेलं. तुझ्यासारख्या, माझ्यासारख्या, कुणाच्याही वाक्यासारखं.

उमा वहीकडे बघत राहिली. मग उठून आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरीसारखी रडली. वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवत तेलुगूत काहीतरी पुटपुटत होत्या. मला त्यातलं एकच कळलं, नान्ना. त्या तुला म्हणत होत्या की तुझ्या वडिलांना, की उमालाच तसं लाडानं म्हणत होत्या, हे मी विचारलं नाही.

त्या दोघी किरणच्या घरी फोन करायला आत गेल्या. मी टेबलापाशी राहिलो. तुझा चहा सांडला होता तो साधा सांडला होता, श्रीनू. कुणाच्याही हातून सांडतो तसा. नान्नांजवळ दोन प्रती होत्या, एक बिघडलेली आणि एक चांगली. तू स्टेशनवर जे बोललास ते खरं नव्हतं. त्यांनी तुला चांगली दिली होती. ती तुझ्याजवळ पहिल्या दिवसापासून होती, आमच्या पत्रकावरच्या निळ्या नक्षीत कुठेतरी तीच असेल, वर्गात पोरांना दाखवायचास ती.

माग बंद झाला. पूर्व भागात एवढी शांतता क्वचित होते. मी पडदा जवळ ओढला आणि ती ओळ पुन्हा वाचायला लागलो. मोठ्यानं, खालून वर, जिथे श्वास होता तिथे थांबत. लिहायला आता कुणी नव्हतं. तू ऐकावंस म्हणून वाचत होतो.